जोंधळं वाढलं

मागच्या दिवाळीत पुण्याला लेकाकडं गेले होते. सकाळी चहा टाकताना डबा खरवडला आणि सुनेला म्हटलं, "अगं, साखर वाढली बरं का." ती म्हणाली, "असू द्या आई, वापरू हळूहळू." दुपारच्या चहाला डबा उघडला तेव्हा तिला उलगडा झाला. हसून हसून बेजार झाली पोरगी. मग मोबाइलवर बोट फिरवलं, आणि आधण उकळतंय तोवर दारात एक पोऱ्या साखरेची पिशवी घेऊन उभा.

तिचं काही चुकलं नाही. आमच्या घरात 'संपलं' हा शब्दच चालत नसे. मीठ वाढलं, तेल वाढलं, पीठ वाढलं. बांगडी फुटायची नाही, वाढायची. दिवेलागणीनंतर तर मिठाचं नाव घ्यायचीही चोरी. कुणी शेजारीण मागायला आली तर ती नुसती वाटी पुढं करायची आणि आई समजून घ्यायची. कणगीत घातलेला हात रिकामा बाहेर आला तरी आजी म्हणणार, "जोंधळं वाढलं गं." लहानपणी मला हे खरंच वाटायचं. वाढलं म्हणजे जास्त झालं. १९७२ साली ते खोटं आहे हे कळलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. काळ्या, भेगाळणाऱ्या रानाचं. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या पावसाचा इथं भरवसा नाही. जो काही भरवसा तो परतीच्या पावसाचा. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर शाळू पेरायचा, थंडीच्या दवावर तो वाढायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा. मालदांडीचा शाळू. मोत्यासारखा दाणा, भाकरी पांढरी आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. पण पीक वर्षातनं एकदाच. म्हणजे फाल्गुनात जे घरात येईल ते पुढच्या फाल्गुनापर्यंत पुरवायचं, आणि पुढचा फाल्गुन कोरडा गेला तर त्याच्याही पुढच्या. घरात साठा असणं ही आमच्याकडं श्रीमंती नव्हती, साधी रीत होती. ज्याच्या घरी ती मोडली त्याच्या घरी पोरगी देताना लोक दोनदा विचार करायचे.

खळ्यावर रास पडली की आण्णा मापाला बसायचे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... आधी बलुतेदारांचं जायचं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सगळे पोती घेऊन खळ्याच्या कडेला बसलेले असायचे, आणि त्यांचं दिल्याशिवाय धान्य गाडीत भरलं जात नसे. मग घरच्या कणग्या. निरगुडीच्या फोकांनी विणलेल्या, आतबाहेरनं शेणमातीनं लिंपलेल्या, खाली दगडांवर ठेवलेल्या म्हणजे ओल लागू नये. बुडाशी एक भोक आणि त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की दाणे आपोआप सुपात. भरताना मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा.

आजीला अक्षर येत नव्हतं, पण हिशोब असा पक्का की आण्णा चौथी शिकलेले, तेही तिलाच विचारायचे. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आमच्याकडं सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. घरात आम्ही अकरा माणसं. रोजची पायली. त्यावर सणवार, पैपाहुणा, सुगीच्या दिवसांतले गडी. कणगीमागच्या भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढायची, एका मणाला एक. मण संपला की रेघेवर ओलं बोट फिरवायचं. पुसलेल्या रेघा आणि उलटलेले महिने यांचा मेळ बसला नाही की त्या आठवड्यात रात्री भाकरीऐवजी हुलग्याचं माडगं. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "आज तोंड वाकडं करशील तर आखाडात हात वाकडा करावा लागंल." मागायला, असा अर्थ.

उन्हाळ्यात बाकीची बेगमी. तूरडाळीला एरंडेल चोळून उन्हं दाखवायची, म्हणजे भुंगा धरत नाही. मटकी-हुलगे राखेत. चिंच फोडून, मिठात मळून तिचे गोळे. गुळाच्या ढेपा माळ्यावर. वर्षाची चटणी डंकावर कुटून आणलेली. आमच्याकडं तिखटाला चटणीच म्हणतात. खडेमिठाचं मडकं चुलीच्या उबेला. सांडगे, कुरडया, शेवया गल्लीतल्या बायकांनी पाळीपाळीनं एकमेकींच्या अंगणात करायच्या. गवऱ्यांचा हुडवा रचून लिंपायचा, तुराट्यांचे भारे परड्यात. ह्यातलं निम्मं काम आम्हा पोरींच्या अंगावर. शाळेला सुट्टी म्हणजे काय असतं ते मला पुढं मास्तरीण झाल्यावरच कळलं.

पण खरा साठा डोळ्यांना दिसायचा नाही. तो जमिनीत होता. ढेलजेपुढच्या अंगणात आमचं पेव होतं. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेलं, रांजणासारखं, आत रुंद आणि तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढं. दीड पुरुष खोल. तळाला आणि कडेनं कडबा नि भुसा लावायचा, मधे जोंधळा ओतायचा, वरनं परत भुसा, मग फरशी, आणि फरशीवर माती. त्या मातीवर आम्ही जिबल्या खेळायचो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची अशी पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं तेव्हा वर्तमानपत्रांतनं त्यांच्याबद्दल बरंच छापून आलं. धान्याची पेवं मात्र त्याच्या कितीतरी आधी गावागावांतनं कुणाला न कळता बुजून गेली होती.

आमचं पेव दोन खंडीचं. १९७० च्या सुगीला त्यात खंडीभरच पडला. अर्धं पेव बंद करणं आजीला पसंत नव्हतं. पोकळी राहिली की धान्य लवकर बिघडतं. पण भरायला होतंच तेवढं. त्यानंतरचं साल निम्म्यानं गेलं, त्यानंतरचं त्याहून वाईट. बहात्तरला तर पावसानं तोंडच दाखवलं नाही. उत्तरा गेली, हस्त गेला, चित्रा गेली. पेरणीच झाली नाही. आण्णा रोज सकाळी रानात जाऊन ढेकूळ फोडून बघायचे आणि परत यायचे. दिवाळीत भिंतीवरची शेवटची रेघ पुसली गेली, आणि आजी म्हणाली, "प्याव उघडा."

पेव उघडायची तिची रीत होती. संध्याकाळी फरशी काढायची आणि रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. तो तळापर्यंत जळत राहिला तरच माणूस उतरायचं. त्या दिवशी मात्र फरशी काढली सकाळी आणि दुपारपर्यंत कुणाला दम निघाला नाही. घरात पीठ नव्हतं. आण्णांनी कंदील सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला. परत पेटवून सोडला, परत विझला. आमचा सालगडी होता, आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. तो म्हणाला, "वाऱ्यानं इझतोय मालक. मी उतरतो." आत कुठलं आलंय वारं! पण आण्णा गप्प राहिले. आजी तेव्हा मळ्याच्या विहिरीवर होती. आईनं तेवढं एक केलं, कासरा आणून मामाच्या कमरेला बांधायला लावला.

मामा छातीएवढा आत गेला, मग डोक्याएवढा. "लई उकडतंय," एवढा शब्द ऐकू आला. मग काहीच नाही. आण्णांनी हाक मारली. परत मारली. कासरा जड झाला होता. आण्णा, थोरला चुलता आणि हाकेसरशी धावत आलेला कुंभार, तिघांनी मिळून ओढलं तेव्हा मामाचं डोकं लोंबत वर आलं. ओठ निळे. डोळे वर गेलेले. त्याला लिंबाखाली टाकलं, छाती चोळली, पाणी मारलं. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर दिवस मावळला असं वाटलं. मग तो खोकला. आणि पहिलं काय बोलला, तर "कंदील आतच ऱ्हायला."

आजी आली तेव्हा मामा बसून पाणी पीत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चार माणसांदेखत आण्णांच्या तोंडात मारली. आण्णा तेव्हा चाळिशीचे. खाली मान घालून उभे राहिले. "भुकंनं माणूस चार दिवसांनी मरतंय," ती म्हणाली, "तुज्या घाईनं घटकंत मेलं आसतं." पुढं शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना सांगायची की धान्यही श्वास घेतं, आतली चांगली हवा वापरून टाकतं, आणि जड हवा खड्ड्यात साठून राहते, तिला ना रंग ना वास. मुलं ते लिहून घ्यायची. मला तो लोंबणारा हात दिसायचा.

त्या रात्री शेजारनं उसनं आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या. लिंबाचा डहाळा दोरीला बांधून मामानंच तो पेवात खालीवर, खालीवर केला, दुसऱ्या दिवशी कंदील जळेपर्यंत.

खंडीतला चारएक मण काळा पडला होता. कडेचा आणि वरचा. तो जनावरांनाही घालता येईना. उरलेल्या सोळा मणांना पेवाचा एक आंबूस वास होता, भाकरी भाजली तरी जायचा नाही. रोजची पायली धरली तर हे आषाढापर्यंत गेलं असतं. आजीनं रोजचे तीन शेर केले आणि बलुतेदारांच्या घरी दर बाजारच्या दिवशी शेर-दोन शेर जायला लागले. चुलता म्हणाला, "पिकलं न्हाई तर बलुतं कशाचं?" आजी म्हणाली, "दामाजीपंतानं बादशाची कोठारं लुटवली, ती ह्याच मंगळवेढ्यात. मी माजं चार दाणं देतीया तर तुज्या पोटात का दुखतंय?" बेदरच्या बादशहाचं कर्ज विठोबानं महार होऊन फेडलं, आजीचं कोण फेडणार होतं, असं चुलत्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला मोठेपणी वाटायचं. कारण शेवटी कमी आलंच.

आणि बैल. आमच्याकडं खिलार जोडी होती. कडबा संपला तेव्हा आण्णा म्हणाले, पाच मण जोंधळा विकू आणि कडबा घेऊ. तालुक्याचा एक व्यापारी दारात येऊन भाव सांगून गेला होता, कधी ऐकला नव्हता असा. आजी नाही म्हणाली. "बैल गेला तर बैल मिळंल. लेकरू गेलं तर?" पुसाच्या बाजारात जोडी मातीमोलानं गेली. आण्णा रिकामे कासरे खांद्यावर टाकून आले, जेवले नाहीत, आणि पुढं अखितीपर्यंत आजीशी बोलले नाहीत. मी मोठेपणी कागदावर मांडून बघितलं आहे. त्या पाच मणांत फार तर दोन महिन्यांचा कडबा आला असता आणि पाऊस सहा महिने लांब होता. आजीचं गणित बरोबर होतं. तरी त्या कासऱ्यांची आठवण झाली की मी आण्णांच्या बाजूची होते.

मोठी माणसं दुष्काळी कामावर जायला लागली. रस्त्याची खडी, पाझर तलावाची माती. आईसुद्धा गेली. पाटलाच्या आळीतल्या बायका तोंडावर पदर ओढून खडी फोडायच्या, पण फोडायच्या. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, ती मात्र मला आवडायची. रेशनवर अमेरिकेची मिलो आली. लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि गार झाली की वहाणेसारखी. धाकट्या भावाला ती पचायची नाही. वैशाखात पेवाचा तळ लागला. आई झाडून झाडून भुसा पाखडत होती. मी विचारलं, "आई, जोंधळं वाढलं?" ती म्हणाली, "व्हय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "संपलं." तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तरी घरात जोंधळा होता. माजघरात, देव्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, उतरंडीच्या मागं बियाण्याचा डेरा. पेवातलं धान्य खायला होतं, पेरायला नाही. बंद हवेत राहून त्याचा कोंब मरतो. म्हणून बी वेगळं ठेवायचं. राशीतली निवडक कणसं हातानं झोडपून, दाणे वाळवून, चाळलेल्या राखेत घोळून डेऱ्यात, वर फडकं बांधून. सहा पायल्या होत्या. एकराला पायली, सहा एकर रान. त्याला हात लावायचा नाही हे आजीनं सांगितलंही नव्हतं. सांगायची गोष्टच नव्हती ती.

जेष्ठात शेजारच्या कुंभाराची सून बाळंत झाली. नववा महिना लागेपर्यंत खडी फोडत होती. बाळ एवढंसं, आणि तिला दूध येईना. घरात मिलोचंच पीठ, तेही एक वेळचं. मामाला ओढून काढणाऱ्या तिघांतला एक हात ह्याच कुंभाराचा. आई दोन दिवस तिच्याकडं जाऊन येत होती आणि घरी आल्यावर चुलीकडं बघत बसत होती. तिसऱ्या रात्री तिनं मला उठवलं. "दिवा धर. आन् बोलू नगंस." उतरंडीच्या मागं जाऊन तिनं डेऱ्याचं फडकं सोडलं. चिपटंभर दाणे काढले, राख पाखडली, दोन पाण्यांनी धुऊन परतले आणि जात्याचा आवाज होईल म्हणून पाट्यावर भरडले. पहाटे त्याची पातळ कण्यांची पेज, गुळाचा खडा घालून, पदराखाली झाकून घेऊन गेली.

असं पंधरा-सोळा रात्री. मी रोज दिवा धरायची. मला भूक असायची, आणि भाजलेल्या शाळूचा वास असा होता की आजही तो सांगता येत नाही. आईनं मला त्यातला एक दाणा दिला नाही. मीही मागितला नाही. रोज एक चिपटं, सोळा चिपट्यांची पायली. मला तो हिशोब तेव्हाच येत होता, तिलाही येत होता.

त्या वर्षी, १९७३ ला, पाऊस चांगला झाला. मृगात नाही तरी पुढं लागला आणि हस्ताला तर रान भरून पडला. बैल नव्हते. आण्णांनी दोन घरांशी वारंगुळा केला आणि पेरणीची पाळी मिळवली. सकाळी तिफण तयार, आजीनं डेऱ्याची पूजा केली आणि आण्णांनी बी मापायला घेतलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. डेरा उपडा केला. राख पडली.

"आये, सहा होत्या की."

आई दाराआड उभी होती. माझा हात तिच्या हातात होता आणि तो दुखेपर्यंत दाबला जात होता.

आजीनं डेऱ्यात वाकून बघितलं. "उंदरांनी खाल्लं वाटतं," ती म्हणाली.

राखेतलं बी, फडक्याची गाठ, सगळं जागच्या जागी, आणि उंदीर? आण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग दाराकडं. काही न बोलता त्यांनी पाच पायल्या ओटीत घेतल्या आणि गेले. खालच्या अंगाचं एकरभर रान त्या वर्षी करडईवर भागवलं. करडई बरी आली.

कुंभाराचं ते पोर जगलं. आता त्याला नातवंडं आहेत, आणि त्याला ह्यातलं काही माहीत नाही.

आजी १९८४ ला गेली. तिच्या दहाव्याला बायका जमल्या होत्या, रात्री निजानीज झाल्यावर आईनं मला ती गोष्ट सांगितली. म्हणाली, "पयल्या रातीला मी गाठ मारली ती माजी, साधी. दुसऱ्या रातीला बघितलं तर गाठ येगळी. मला वाटलं, भ्यानं ध्यानात ऱ्हायलं नसंल. तिसऱ्या रातीला मुद्दाम उलटी मारून आले. दुसऱ्या दिशी परत सरळ. आन् फडक्यावर गुळाचा खडा ठिवल्याला." तोच गूळ ती पेजेत घालत होती. मला तेव्हा वाटायचं, आईनं तो कुठनंतरी लपवून ठेवलाय. पंधरा रात्री दोघी एकमेकींना दिसल्या नाहीत आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता घरी भाऊ असतो. कणग्या कधीच गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, त्याही आता निम्म्या रिकाम्या असतात. रानात ऊस आहे, गहू-तांदूळ दुकानातनं येतात. पेव मुरुमानं भरून घेतलं, पोरं पडतील म्हणून. फरशी मात्र तिथंच आहे. वहिनी तिच्यावर धुणं धुते.